550 कोटींत नक्की काय घेतलं? स्पेस स्टेशनवरच्या पैसे देऊन येणाऱ्या पाहुण्यांचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "अंतराळवीर शुभांशु शुक्लांना आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशनवर पाठवायला भारताने साडेपाचशे कोटी एका अमेरिकन प्रायव्हेट कंपनीच्या मिशनवर घातले. माझा मुलगा बारावीत आहे, तो म्हणतो हे तर तिकीट काढून फिरायला जाणं झालं, टुरिस्टच. मी म्हणते नाही, पण का नाही ते मला धड सांगता येत नाही. 18 दिवसांत तिथे असं काय होतं? आणि माणूस न पाठवता नुसते प्रयोग पाठवले असते तर चाललं नसतं का?"

ताई, आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं पारडं कुठे झुकतं ते कळेल. मी मूळचा सांगलीचा, गेली अठरा वर्षं ह्यूस्टनमध्ये, काम पेलोडचं. म्हणजे कुणा शास्त्रज्ञाने लॅबमध्ये केलेला प्रयोग स्टेशनवर चालेल अशा डब्यात बसवायचा, सेफ्टीवाल्यांच्या गळी उतरवायचा, आणि वर अंतराळवीर तो करणार तेव्हा कुठल्या पायरीला किती मिनिटं लागतील ते लिहून द्यायचं. हे शेवटचं काम ऐकायला कारकुनी वाटतं पण माझे सगळे पांढरे केस त्यातले आहेत. शुक्लांनी नेलेल्या भारतीय प्रयोगांवर मी काम केलेलं नाही, त्यामुळे आतली बातमी वगैरे माझ्याकडून काही मिळणार नाही, जे जगजाहीर आहे ते आणि या धंद्यात वर्षानुवर्षं जे बघितलं ते, एवढंच.

तर मुलगा अर्धा बरोबर आहे. तिकीट काढलंच, त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि लपवण्यासारखंही नाही. पण तिकिटात काय काय येतं याचा त्याचा अंदाज चुकलाय. त्याला वाटतं सीट घेतली. सीट तर घेतलीच, पण वर सगळ्यात महाग आणि सगळ्यात कमी असलेली चीज म्हणजे माणसाचा वेळ, आणि सगळी बोलणी, भांडणं, वेळापत्रकं शेवटी त्याच्याभोवती फिरतात.

थोडा इतिहास सांगतो, पटकन. पैसे देऊन स्टेशनवर गेलेला पहिला माणूस डेनिस टिटो, अमेरिकन गुंतवणूकदार, 28 एप्रिल 2001 ला रशियाच्या सोयुझ यानातून गेला, 2 कोटी डॉलरच्या आसपास मोजून, आणि आठेक दिवसांत परत आला. नासाला हे बिलकुल नको होतं. ट्रेनिंगसाठी तो ह्यूस्टनला आला तर त्याला आत घ्यायला नकार, त्यावर त्याच्याबरोबरचे दोघे रशियन, मुसाबायेव आणि बातुरिन, म्हणाले की मग आम्हीही येत नाही, आणि सरळ परत फिरले. शेवटी काही मोडलं-बिडलं तर भरपाई मी देईन असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं, म्हणजे पाहुणा यायच्या आधीच काचसामानाची हमी! 2009 पर्यंत असे सात जण गेले, त्यातला चार्ल्स सिमोनी दोनदा. मग 2011 ला नासाचं माणसं नेणारं यान, शटल, बंद झालं, नासालाच आपल्या माणसांसाठी सोयुझच्या सीटा विकत घ्याव्या लागल्या आणि पाहुण्यांचं दार जवळपास दहा वर्षं बंद राहिलं.

ते दार नासाने स्वतःहून उघडलं जून 2019 ला. वर्षाला जास्तीत जास्त दोन प्रायव्हेट मिशन, प्रत्येक फार तर 30 दिवसांचं, आणि चक्क रेटकार्ड छापलं. त्या पहिल्या रेटकार्डात श्वासाला हवा, संडास वगैरे लाइफ सपोर्टचे माणशी रोज 11,250 डॉलर, जेवण-औषध-व्यायाम धरून बाकी सोयींचे 22,500, विजेचे युनिटला 42 डॉलर, डेटाचे एका जीबीला 50. आमच्या कॅन्टीनमध्ये महिनाभर तोच विनोद चालू होता, कुणी बाथरूमला उठलं की बिल कुणाच्या नावावर. पण 2021 ला नासाने दर बदलले आणि त्यात खरी गोम आहे. नवीन दरात जेवणाचे माणशी रोज 2,000 डॉलर, म्हणजे 85 च्या भावाने 1 लाख 70 हजार रुपये, खानावळ म्हणून महाग आहे पण पुढच्या आकड्यापुढे काहीच नाही. दर मिशनला स्टेशनवरच्या क्रूचा वेळ घेतल्याबद्दल 52 लाख डॉलर, आणि जमिनीवरच्या प्लॅनिंग-इंटिग्रेशनचे वेगळे 48 लाख. त्याच सुमारास कंपन्यांनी आपल्या कामासाठी स्टेशनवरच्या अंतराळवीराचा वेळ मागितला तर त्याचा दर लावला तासाला 1 लाख 30 हजार डॉलर, आधी तो 17,500 होता. एकदम सातपटीहून जास्त, कारण आधीचा दर सवलतीचा होता, हा खऱ्या खर्चाचा. आता मुलाला भागाकार करायला सांगा, 52 लाख भागिले 1 लाख 30 हजार. 40 येतात. चार पाहुणे दोन आठवडे राहणार तर घरच्या मंडळींचे 40 तास मोडणार, असा हिशोब झाला. आणि त्यातला एक तास म्हणजे 1 कोटी 10 लाख रुपये.

घरच्यांचे तास का मोडतात, तर तुम्ही चाळीत राहिला असाल तर लगेच कळेल. दोन खोल्या, एक मोरी, घरात सात माणसं आणि गावाहून चार पाहुणे. पाहुणे कितीही समजूतदार असू देत, टॉवेल कुठे, पाणी कधी येतं, हा नळ कुठल्या बाजूला फिरवायचा, हे कुणीतरी सांगावं लागतंच. शुक्ला 26 जून 2025 ला पोचले तेव्हा स्टेशनवर असंच सात जण होते, हे चार मिळून अकरा. अमेरिकन बाजूला झोपायच्या खोल्या, खोल्या कसल्या, टेलिफोन बूथएवढी कपाटंच ती, मोजून घरच्यांपुरत्या, त्यामुळे पाहुणे आपली स्लीपिंग बॅग जागा मिळेल तिथे बांधतात, कुणी आपण आलो त्या ड्रॅगन यानात, कुणी एखाद्या मॉड्यूलच्या, म्हणजे स्टेशनच्या एखाद्या कप्प्याच्या, भिंतीला. आणि पार्किंग! ड्रॅगन लागू शकेल अशी दोनच दारं आहेत, दोन्ही हार्मनी मॉड्यूलवर, एक पुढे एक वर. घरच्यांची गाडी एका दारात कायम उभी, कारण ती त्यांची आणीबाणीत निघायची गाडी. राहिलं एक. त्यात पाहुण्यांची गाडी अडकली की मागची सगळी रांग अडकते.

आणि ती अडकते हो. एप्रिल 2022 चं पहिलं प्रायव्हेट मिशन, ॲक्सिअम-1, आठ दिवस राहणार होतं, फ्लोरिडाच्या बाजूला समुद्रावर वारं आणि लाटा जुमानेनात म्हणून पंधरा दिवस राहिलं आणि त्यापायी नासाच्या स्वतःच्या पुढच्या तुकडीला, क्रू-4 ला, जमिनीवर थांबावं लागलं, 25 एप्रिलला हे पाण्यात उतरले आणि 27 ला ते उडाले. ॲक्सिअम-3 जास्त राहिलं, ॲक्सिअम-4 पण चौदाऐवजी अठरा दिवस राहिलं. चारातली तीन मिशनं ठरल्यापेक्षा जास्त. पाहुणे निघायच्या दिवशीच पाऊस, असंच म्हणायचं.

कंपनी कोण, तर ॲक्सिअम स्पेस, ह्यूस्टनचीच, 2016 ला सुरू झाली. सुरू करणाऱ्यांपैकी माइक सफ्रेडिनी म्हणजे नासात दहा वर्षं याच स्टेशनच्या कारभाराचे प्रमुख होते, त्यामुळे कुठली चावी कुठे लागते ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. धंद्याचं स्वरूप आपल्या यात्रा कंपनीसारखं बघा. बस दुसऱ्याची, इथे स्पेसएक्सचं फाल्कन-9 आणि ड्रॅगन. धर्मशाळा तिसऱ्याची, इथे नासा आणि भागीदार देश. यांनी माणसं जमवायची, ट्रेनिंग लावायचं, कागदपत्रं, प्रयोग, वेळापत्रक सगळं जुळवायचं आणि बरोबर एक टूर मॅनेजर द्यायचा. तो टूर मॅनेजर म्हणजे कमांडर, आणि ॲक्सिअम-1 नंतर नासाने नियमच केला की कमांडर हा नासाचा माजी आणि आधी उडालेला अंतराळवीरच पाहिजे. म्हणून ॲक्सिअम-1 आणि 3 ला मायकल लोपेझ-अलेग्रिया, 2 आणि 4 ला पेगी व्हिटसन. व्हिटसनबाई म्हणजे एकूण 695 दिवस अंतराळात, अमेरिकनांत एवढे कुणाचेच नाहीत. शुक्लांच्या शेजारच्या सीटवर ही बाई होती हे मुलाला नक्की सांगा, कारण हाही साडेपाचशे कोटींतलाच भाग आहे आणि माझ्या मते बराच मोठा.

आता 18 दिवसांत काय होतं. खरं म्हणजे आधी काय होत नाही ते सांगतो.

पहिले दोन-तीन दिवस फारसं काही होत नाही. म्हणजे कागदावर होतं, प्रत्यक्षात नाही. वजन गेलं की शरीरातलं पाणी वर चढतं, तोंड सुजतं, नाक बंद, डोकं जड, आणि साधारण तिघांतल्या दोघांना मळमळ, उलटी असा त्रास होतो. यात टेस्ट पायलट, पैलवान, श्रीमंत, गरीब असा भेद नाही, आधी जमिनीवर ओळखायची खात्रीची पद्धतही नाही. शुक्लांनी स्वतः वरून प्रांजळपणे सांगितलं की सुरुवातीला बरं वाटत नव्हतं, आणि लहान मुलासारखं चालायला-खायला परत शिकतोय. दोन हजार तास विमानं उडवलेला हवाई दलाचा माणूस हे बोलतो, त्यात कमीपणा नाही, उलट आमच्यासारख्यांना हे कुणी उघड बोललं की बरं वाटतं.

त्यात प्रत्येक साधी गोष्ट अवघड. पेन सोडलं की गेलं. एका हाताने काम, दुसऱ्या हाताने धरून राहायचं, पाय कुठल्यातरी निळ्या दांडीखाली अडकवायचे. पाच वस्तू लागणार असतील तर पाचही आधी वेलक्रोला चिकटवायच्या, सहावी पिशवीतून काढताना बाकीच्या पाच बाहेर येतात, त्या पकडा. द्रवात बुडबुडा असेल तर तो वर येत नाही, कारण वर असं काही नाहीच, मग सिरिंज हाताने गरगर फिरवून बुडबुडा एका टोकाला आणायचा.

इथे माझं स्वतःचं पाप सांगतो. काही वर्षांपूर्वी एका टीमचा प्रयोग माझ्याकडे होता, टीमचं नाव जाऊ दे. बारा सिरिंज, प्रत्येकीत थोडं रसायन ढकलायचं, हलवायचं, फोटो काढायचा, परत ठेवायची. जमिनीवर मी स्वतः तीनदा करून बघितलं, 35 मिनिटं लागली, मी हुशारी करून 45 लिहिली. वर दीड तास लागला. कारण काय, तर लेबल सिरिंजच्या एका अंगाला होतं आणि पिशवीत ठेवताना ती फिरायची, मग नंबर दिसायला प्रत्येक वेळी काढून बघावी लागायची, टेबलावर ठेवून बघणं हा प्रकारच नाही ना तिथे. क्रूच्या स्क्रीनवर दिवसाचं वेळापत्रक असतं, पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत, आणि त्यावरून एक लाल रेघ सरकत असते, आत्ताची वेळ दाखवणारी. तुम्ही रेघेच्या मागे पडलात की दिवसभर ती तुमच्या पुढे पळत राहते. त्या दिवशी त्या बिचाऱ्याने दुपारचं जेवण त्या रेघेपायी सोडलं आणि मी खाली बसून बघत होतो, काही बोलता येत नव्हतं. तेव्हापासून मी लेबल चारी बाजूंनी लावतो आणि जमिनीवरच्या वेळेला दोनाने गुणतो, पहिल्यांदा उडणाऱ्यासाठी पहिल्या आठवड्यात तर अडीचने. माझे साहेब म्हणतात तू फार भित्रा आहेस. असू दे.

ॲक्सिअम-1 ला नेमकं हेच मोठ्या प्रमाणावर झालं. त्या क्रूने नंतर स्वतःच सांगितलं की वेळापत्रक फार गच्च भरलं होतं, विशेषतः सुरुवातीचे दिवस. हवामानाने जे जास्तीचे दिवस दिले त्यांत कामं पुरी झाली, नाहीतर अवघड होतं. आणि नासाच्या बाहेरच्या सुरक्षा सल्लागार पॅनलनेही नोंद केली की पाहुण्यांमुळे स्टेशनच्या नेहमीच्या क्रूवर अपेक्षेपेक्षा जास्त भार पडला. कुणी उद्धट होतं म्हणून नाही, सगळे सज्जन, त्यातला लॅरी कॉनर तर सत्तरीचा उद्योजक असून तरुणाला लाजवेल असा कामाला भिडलेला. पण प्रश्न विचारायला शेजारी कुणी असेल तर माणूस विचारतोच, आणि शेजारच्याला नाही म्हणता येत नाही. त्यानंतर पुढच्या मिशनांत सुरुवातीचे दिवस सैल ठेवायचं ठरलं आणि नियमही कडक झाले.

तर आता मुलाच्या टुरिस्ट या शब्दाकडे येतो. यात गंमत अशी की गिऱ्हाईकच बदललं. ॲक्सिअम-1 चे तिघे, कॉनर, मार्क पॅथी, एतान स्टिब्बे, आपापल्या खिशातून आलेले, माणशी साधारण साडेपाच कोटी डॉलर अशी बातमी होती. ॲक्सिअम-2 ला, मे 2023, एक जण स्वतःच्या पैशाने आणि दोघं सौदी सरकारने पाठवलेले, त्यात रय्याना बरनावी, अंतराळात गेलेली पहिली सौदी बाई. ॲक्सिअम-3 ला, जानेवारी 2024, इटलीचा हवाई दलाचा अधिकारी, तुर्कस्तानचा पहिला अंतराळवीर आणि युरोपियन एजन्सीतून स्वीडनचा, तिघांच्याही मागे सरकार. आणि 25 जून 2025 च्या ॲक्सिअम-4 ला भारत, पोलंड, हंगेरी. म्हणजे प्रायव्हेट मिशन म्हणायचं आणि तीन वर्षांत गिऱ्हाईक सगळी सरकारं! अब्जाधीशाला वर जाऊन एकदा खिडकीतून बघितलं की हौस फिटते, त्याला तीच गोष्ट दुसऱ्यांदा विकणं अवघड. देशाचं तसं नसतं, देशाला माणसं तयार करायची असतात, आणि ज्यांच्याकडे स्वतःचं यान नाही त्यांना हा एक दरवाजा होता. भारत, पोलंड, हंगेरी, तिघांचेही आधीचे सरकारी अंतराळवीर सोव्हिएत सोयुझमधून गेलेले, पोलंडचा हर्माशेव्हस्की 1978, हंगेरीचा फार्काश 1980, आपले राकेश शर्मा 1984. शर्मा गेले तेव्हा पैसे मागितले गेले नाहीत कारण तो मैत्रीचा, राजकारणाचा मामला होता. फुकट ते पौष्टिक खरं, पण त्यात पुढे काय करायचं हे पाहुण्याच्या हातात नसतं. 41 वर्षं दुसरा कुणी गेला नाही.

आता 550 कोटींचं, हा आकडा बातम्यांत आलेला साधारण आकडा आहे. त्यात फक्त शुक्लांची सीट नाही. प्रशांत नायर बॅकअप होते, त्यांचंही सगळं ट्रेनिंग झालं. दोघंही गगनयानसाठी, म्हणजे आपल्याच यानातून माणूस पाठवायच्या मोहिमेसाठी, निवडलेल्या चौघांतले. ह्यूस्टनला स्टेशनच्या मॉडेलमध्ये, कॅलिफोर्नियात ड्रॅगनवर, शिवाय युरोपियन आणि जपानी मॉड्यूलचं वेगळं, आग लागली तर काय, हवा गळाली तर काय, अमोनिया सुटला तर कुठला मास्क आधी, हे सगळं महिनोन्महिने. नायर उडाले नाहीत म्हणून त्यांच्यावरचा खर्च वाया गेला असं मुलगा म्हणेल, त्याला म्हणावं क्रिकेटमध्ये बारावा खेळाडू नेटमध्ये खेळतोच ना.

आणि जे पुस्तकात मिळत नाही ते उड्डाण लांबलं तेव्हा मिळालं असं माझं स्पष्ट मत आहे. तारीख होती 29 मे. मग 8 जून, 10, 11. रॉकेटच्या चाचणीत लिक्विड ऑक्सिजनची गळती दिसली. बूस्टर, म्हणजे रॉकेटचा खालचा टप्पा, आधी उडालेला होता आणि ही गळती आधीच्या दुरुस्तीत राहून गेली होती, हे स्पेसएक्सवाल्यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं. इस्रोचे प्रमुख नारायणन तेव्हा आपल्या टीमसकट फ्लोरिडात होते आणि आधी दुरुस्ती, मग चाचणी, मगच उड्डाण असा आग्रह आपण धरला हे त्यांनी नंतर उघड सांगितलं. नारायणन स्वतः इंजिनवाले, क्रायोजेनिकमध्ये आयुष्य गेलेलं, त्यांना ऑक्सिजनची गळती म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. मग ते झालं तर स्टेशनच्या रशियन बाजूला, झ्वेझ्दा मॉड्यूलच्या मागच्या बोळात जी जुनी हवेची गळती होती तिथल्या दुरुस्तीनंतर दाब वेगळाच दिसायला लागला, तो नीट समजेपर्यंत नासाने परत थांबवलं. शेवटी 25 जूनला भारतीय वेळेने दुपारी 12 वाजून 1 मिनिटाला उडालं. महिनाभर क्वारंटाइन! घरच्यांना काचेआडून भेटायचं, रोज तयार राहायचं आणि रोज नाही ऐकायचं. गगनयानच्या वेळी हेच होणार आहे, फक्त तेव्हा नाही म्हणणारे आपण असू. उड्डाण थांबवायचा निर्णय दुसऱ्याच्या कंट्रोल रूममध्ये बसून बघणं, कोण बोलतं, कोण गप्प बसतं, कुठल्या आलेखावर बोट ठेवून म्हणतात की आज नको, याचं ट्रेनिंग विकत मिळत नाही, पण अशा वेळी शेजारी बसलेल्याला ते आपोआप मिळतं.

पेलोडवाल्यांची मात्र या लांबणीत वाट लागते. यंत्र थांबतं, जिवंत नमुना थांबत नाही. पेशी, शेवाळं, बिया यांची एक तारीख असते, उड्डाण पुढे गेलं की काही नमुने काढून ताजे भरायचे, आणि ते उड्डाणाच्या आदल्या दिवशी यानात चढवायचे, फ्रिजमधलं ते फ्रिजमध्येच, मधे तासभर ऊन लागलं तर दोन वर्षांचं काम गेलं. मासळी बाजारातली बर्फाची गाडी आणि आमचं काम यात तत्त्वतः काही फरक नाही, फक्त कागद जास्त.

भारताचे सात प्रयोग होते, मिशनचे सगळे मिळून साठेक, 31 देशांचे. आपल्यात स्नायूंच्या पेशी कशा वाढतात त्याचा बेंगळुरूच्या इनस्टेम संस्थेचा, टार्डिग्रेड नावाच्या सूक्ष्म चिवट प्राण्यांचा, खाता येईल अशा शेवाळाचा, आणि मला सगळ्यात आवडलेला धारवाडच्या मंडळींचा, मेथी आणि मूग. शुक्लांनी बशीत मोड आणले, फोटो काढले आणि मोड आल्यावर ते फ्रीजरमध्ये ठेवून दिले. घरी आपण मूग भिजवून कापडात बांधून विसरून जातो, सकाळी मोड. वर तेच करायला पाणी गोळा होऊन तरंगणार नाही अशी सोय, बिया चिकटून राहतील अशी सोय, मूळ खाली जाणार कुठे कारण खाली नाही, आणि हे सगळं लिहून काढलेल्या पायऱ्यांनी. (जाता जाता, शुक्लांनी बरोबर गाजर हलवा, मूगडाळ हलवा आणि आमरस नेला होता. आमरस! पुऱ्या नव्हत्या हे दुःख मला एकट्यालाच झालं असेल.)

आता तुमचा शेवटचा प्रश्न, नुसते प्रयोग पाठवले असते तर? खरं सांगायचं तर त्या सातातले बरेचसे मालवाहू यानातून पाठवून, वरच्या क्रूकडून करवून घेता आले असते, आणि साडेपाचशे कोटींच्या कितीतरी खाली. ज्यांना कुणाला वाटतं की मेथीच्या मोडांसाठी साडेपाचशे कोटी, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पैसे मोडांचे नव्हतेच. प्रयोग लिहिणारे, पिशवी शिवणारे, पायऱ्या लिहिणारे, सेफ्टीला उत्तरं देणारे, वर करणारा, आणि खाली बसून त्याला मार्गदर्शन करणारे, या साखळीतली बरीचशी कडी पहिल्यांदा भारतीय माणसांनी आपल्या माणसाबरोबर चालवून बघितली. मालवाहू यानातून डबा पाठवला असता तर त्यातली मधली दोन-तीन कडी दुसऱ्याचीच राहिली असती. आणि इस्रोला 2035 पर्यंत स्वतःचं स्टेशन उभं करायचंय, 2028 ला त्याचं पहिलं मॉड्यूल, म्हणजे लाल रेघेच्या मागे कोण पडणार, किती पडणार, हा हिशोब आपल्यालाच करायचाय.

माझी एक तक्रार आहे. एकच माणूस, एकदाच. टायमिंगचे आकडे एका माणसावरून काढता येत नाहीत, मी वर सांगितलं तसं मी एकदा आपटलो आहे. दोन-तीन जण वेगवेगळ्या मिशनला गेले असते तर खरी वही भरली असती. पण हे स्टेशन 2030 नंतर पाडायचं आहे, ते पाडणारं यान बनवायचं कंत्राटसुद्धा 2024 ला स्पेसएक्सला देऊन झालंय, आणि पुढची प्रायव्हेट स्टेशनं वेळेवर वर जातील यावर मी पैज लावणार नाही.

परत येतानाचं पटकन. 14 जुलैला सुटले, सव्वाबावीस तासांनी 15 ला सॅन डिएगोजवळ समुद्रात, भारतात तेव्हा दुपारचे तीन. आधी ब्रेक, मग ट्रंक, म्हणजे यानाचा मागचा भाग, टाकून द्यायचा, मग आगीचा गोळा, पाच-सहा किलोमीटरवर दोन छोटी पॅराशूट, दोनेक किलोमीटरवर चार मोठी. बरोबर 260 किलोच्या आसपास सामान, त्यात नमुने. टीव्हीवर सगळे माणसं बाहेर येतात ते बघतात, शुक्ला हसत, थोडे डुलत बाहेर आले ते सगळ्यांनी बघितलं. मी मात्र त्या क्षणी कॅप्सूलमधून थंड पेट्या कोण काढतंय ते शोधत असतो, सवयच लागलीय.

मुलगा अजूनही ऐकत नसेल तर एक काम करा. मेथीचे तीस दाणे घ्या, एक बशी, ओला कापूस, चिमटा आणि फोन. डावा हात पूर्ण वेळ टेबलाच्या कडेला धरलेला पाहिजे, सोडायचा नाही. हातात किराणावाल्याच्या पातळ पिशवीचे हातमोजे करून घालायचे. दर पाच दाण्यांनी फोटो काढायचा आणि चिमटा, दाणे, फोन काहीही टेबलावर ठेवायचं नाही, सगळं शर्टाला किंवा भिंतीला चिकटपट्टीने चिकटवायचं. सुरू करण्याआधी त्याने अंदाज कागदावर लिहायचा, किती मिनिटं. मग घड्याळ लावा. किती लागली ते मला कळवा, माझा अंदाज मी आत्ताच लिहून ठेवलाय, आणि तो दोनाने गुणलेला आहे.